एका चाकावर लांबचा पल्ला



एकचाकी सायकल आपण सर्कशीत पाहिलेली असते. पण जगात अनेक प्रौढ माणसे हौसेने ती शिकतात, तिच्यावरून लांबचा प्रवास करतात आणि डोंगरातल्या पायवाटाही उतरतात.

हिचे पायडल सरळ चाकाच्या आसाला जोडलेले असते. पायडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. पाय थांबले की चाक थांबते. उतारावरही विश्रांती नाही. म्हणून लांब पल्ल्यासाठी ३६ इंची चाक घेतात. ते एका फेरीत सुमारे २.९ मीटर जाते, तर २० इंची शिकाऊ चाक १.६ मीटरच. खडकाळ वाटेवर मात्र त्याहून लहान चाक व जाड टायर लागतो.

अमेरिकेतील पाद्री लार्स क्लॉसेन यांनी २००२ साली एकचाकीवर १४ हजार किलोमीटरहून अधिक प्रवास केला. कॅनडाचे क्रिस होल्म यांनी भूतानच्या डोंगरवाटांवर ती चालवली.

आपल्या शेजारच्या नागपूरचे उदाहरण दोन चाकांचे, पण जिद्द तीच. डॉ. अमित समर्थ यांनी २०१८ साली मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही सुमारे ९,१०० किलोमीटरची सायकल शर्यत पूर्ण केली.

तोल पडत-सावरतच येतो. मोठ्यांना पडण्यापेक्षा लोक हसतील याचीच धास्ती जास्त, आणि मुले ती आपल्याकडूनच उचलतात. तेव्हा पालकांनी या सुट्टीत एखादी नवी गोष्ट मुलांदेखत शिकायला घ्यावी. आपल्या चुका त्यांना दिसू द्याव्यात. सायकलच निवडली, तर हेल्मेट विसरू नये.

— प्राचार्य