परमुलखातला दवाखाना

कागल तालुक्यातल्या मुरगुडात कुणाला मोठं दुखणं आलं की घरात पहिला प्रश्न निघतो, कोल्हापूर की निपाणी? गावात ग्रामीण रुग्णालय आहे, खासगी दवाखाने आहेत. पण हृदयाचं, मेंदूचं किंवा हाडाचं मोठं काम निघालं की देवगड-निपाणी रस्त्याने एक तर पूर्वेला निपाणी धरायची, नाही तर कोल्हापूर गाठायचं. जुनी माणसं कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला, अजूनही ‘थोरला दवाखाना’ म्हणतात. निपाणीला जायचं तर तासाभराच्या आत महाराष्ट्र संपून कर्नाटक लागतं. भाषा, पाहुणे, बाजारहाट सगळं तेच, पण दवाखान्याच्या खिडकीवर रेशनकार्ड पुढे केलं की हद्द जाणवते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या यादीत ते रुग्णालय आहे का, हे आधी विचारावं लागतं.

२०२३मध्ये महाराष्ट्र सरकारने ही योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचं ठरवलं, तेव्हा कर्नाटक सरकारने हरकत घेतली. उपचारांच्या योजनेलाही दोन राज्यांमधला वाद चिकटला. हद्दीपलीकडच्या गावात गेल्यावर ही स्थिती, तर समुद्रापलीकडे गेल्यावर काय होत असेल?

कागल तालुक्यातल्या घरांना हा प्रश्न आता लांबचा राहिलेला नाही. कुणाचा मुलगा कतारमधल्या दोह्यात साइटवर असतो, कुणाची सून सिंगापूरला संगणकाच्या नोकरीत. नातवंड होणार म्हटल्यावर आई-वडील तीन महिन्यांसाठी विमानात बसतात. बॅगेत चटणी, मेतकूट, कांदा-लसूण मसाला नीट बांधला जातो. रक्तदाबाच्या गोळ्या मात्र मेडिकलवाल्याने दिलेल्या खाकी पिशवीत, चिठ्ठीविना जातात.

हे देश आकाराने लहान आहेत. कोल्हापूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,६८५ चौरस किलोमीटर आहे. अख्खा कतार त्याच्या दीडपट भरतो, तर बहारीन जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. लहान देशाचा एक फायदा म्हणजे मोठं रुग्णालय कुठूनही फार लांब नसतं. अडचण अशी की तिथे नसलेली सोय शेजारच्या जिल्ह्यात नव्हे, शेजारच्या देशात शोधावी लागते. मालदीवमध्ये २०१२पासून ‘आसंधा’ नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. देशात न होणाऱ्या उपचारांसाठी ती आपल्या नागरिकांना भारतात आणि श्रीलंकेत पाठवते. भूतानचं सरकारही गंभीर रुग्ण स्वखर्चाने भारतातल्या रुग्णालयांत धाडतं. हा आधार तिथल्या नागरिकांना असतो. तिथे नोकरीला किंवा पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तो मिळेलच असं नाही. म्हणून लहान देशात जाताना विमा घ्यायचा, तर त्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, हे पाहून घ्यावं. डॉक्टर सोबत देऊन विमानाने रुग्ण हलवायचा, तर लाखोंचं बिल होतं.

परदेशातल्या दवाखान्याची धास्ती म्हटली की घरच्यांना आधी भाषा आठवते. आखातात ही धास्ती बरीचशी अनाठायी आहे. तिथल्या रुग्णालयांत केरळच्या नर्स मोठ्या संख्येने असतात, हिंदी-उर्दू समजणारं कुणी ना कुणी भेटतं. माणूस अडतो तो दवाखान्याच्या रीतीवर. आपल्याकडे पोट दुखलं की थेट पोटाचा डॉक्टर गाठता येतो. ओळख असली की नंबर लवकर लागतो. फाइल, एक्स-रे, सोनोग्राफीचे कागद सगळे घरच्या कपाटात असतात आणि ते घेऊन रुग्ण आज या डॉक्टरकडे, उद्या त्या डॉक्टरकडे जाऊ शकतो. बाहेर बहुतेक ठिकाणी आधी प्राथमिक केंद्र, मग तिथल्या डॉक्टरची चिठ्ठी आणि त्यानंतर तज्ज्ञ, अशी पायरी ठरलेली असते.

कतारमध्ये नोकरीला असलेल्या परदेशी माणसाला सरकारी आरोग्यकार्ड काढता येतं. त्याची वर्षाची फी १०० रियाल आहे. कार्डावर राहत्या भागातलं आरोग्य केंद्र नेमून दिलेलं असतं. साधं दुखणं असेल तर तिथे जायचं आणि गरज पडल्यास त्या केंद्राने हमद मेडिकल कॉर्पोरेशनच्या रुग्णालयात पाठवायचं. पाहुणे म्हणून गेलेल्या आई-वडिलांना हे कार्ड लागू नाही. त्यांच्यासाठी १ फेब्रुवारी २०२३पासून महिन्याला ५० रियालचा विमा सक्तीचा आहे, आणि त्यात फक्त तातडीचे उपचार व अपघात येतात. गुडघेदुखी, मोतीबिंदू, नेहमीची शुगरची तपासणी यांतलं काही त्यात बसत नाही. सिंगापूरची सरकारी रुग्णालयं नावाजलेली आहेत, पण तिथली सवलत नागरिकांना आणि कायम रहिवाशांना असते. पाहुण्याला पूर्ण दर पडतो आणि भरती होताना मोठी अनामत रक्कम भरावी लागू शकते. संयुक्त अरब अमिरातींत १ जानेवारी २०२५पासून सातही अमिरातींत खासगी नोकरदार आणि घरकामगार यांचा आरोग्य विमा मालकाने काढणं बंधनकारक झालं. पण विमा असला तरी तो ठरावीक रुग्णालयांतच चालतो. त्यामुळे पोहोचल्याच्या आठवड्यातच कार्डावरच्या यादीतला घराजवळचा दवाखाना पाहून ठेवलेला बरा.

तातडीच्या विभागात तर आपली रीत पूर्ण उलटते. आधी आला त्याचा आधी नंबर, असं तिथे नसतं. दारातच नर्स नाडी, रक्तदाब, श्वास पाहते, दोन-चार प्रश्न विचारते आणि दुखण्याच्या गांभीर्यावरून क्रम लावते. पाय मुरगळलेला माणूस चार तास बसून राहतो आणि नंतर आलेला छातीदुखीचा रुग्ण सरळ आत जातो. आपल्या वडीलधाऱ्यांची मोठी चूक इथे होते. “काय होतंय आबा?” असं विचारलं की ते संकोचाने म्हणतात, “काही नाही, जरा गॅस झालाय.” वास्तविक छाती आवळलेली असते, डाव्या हातात कळ आलेली असते, घाम फुटलेला असतो. सांगायचं ते हेच आणि असंच: कुठे दुखतंय, कधीपासून, चालताना वाढतं का, घाम आला का. निदान स्वतः करून सांगितलं की नर्सने त्याच नावावर नंबर लावण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट घरच्यांना जड जाते. आपल्याकडे डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन बोलतात आणि म्हाताऱ्या माणसाला आजाराचं नाव कळू दिलं जात नाही. सिंगापूरमध्ये किंवा युरोपातल्या देशांत डॉक्टर आधी रुग्णाशी बोलतो, संमतीच्या कागदावर सही त्याचीच घेतो. रुग्णाच्या परवानगीशिवाय मुलालाही माहिती न देण्याची तिथली पद्धत आहे. वडिलांना इंग्रजी येत नसेल तर दुभाषी मागता येतो. दवाखान्यात नेताना “माझ्या मुलाला सगळं सांगा” हे वडिलांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर पुढचा बराच गोंधळ टळतो.

आता औषधांकडे वळू. कोल्हापूरच्या डॉक्टरने दिलेल्या गोळीवर कंपनीचं नाव मोठं असतं आणि आतल्या औषधाचं नाव बारीक. परदेशातला फार्मासिस्ट कंपनीचं नाव ओळखत नाही. क्रोसिन म्हणजे पॅरासिटामॉल आणि अमेरिकेत त्यालाच अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. मधुमेहाच्या दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या आपल्याकडे सर्रास मिळतात, त्या तशाच बाहेर मिळतीलच असं नाही. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. काही औषधं नेली तर विमानतळावरच अडचण होते. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, झोपेसाठी किंवा घाबरेपणासाठी दिलेलं अल्प्राझोलाम ही अमिरातींत नियंत्रित औषधं आहेत. ती लागणारच असतील तर तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. शेजाऱ्याने “पोराला दे” म्हणून दिलेली गोळ्यांची पुडी तर घेऊच नये.

आकडेही फसवतात. मुरगूडच्या लॅबमध्ये जेवणानंतरची शुगर १४० येते. दोह्यात किंवा सिंगापुरात त्याच रक्ताचा रिपोर्ट ७.८ असा येतो, कारण तिथे मोजण्याचं एकक वेगळं आहे. तिथल्या आकड्याला १८ने गुणलं की आपला आकडा मिळतो. म्हणजे १० लिहिलं असेल तर ती आपली १८०. हे ठाऊक नसलेला माणूस ७.८ पाहून शुगर पार उतरली असं समजतो आणि गोळी बंद करतो किंवा साखर खातो. तापाचंही तसंच. आपण १०१ म्हणतो, तिथे थर्मामीटर ३८.३ दाखवतो.

या सगळ्यावर सोपा उपाय मुरगुडातच होतो. निघण्यापूर्वी नेहमीच्या डॉक्टरांकडून एका पानावर इंग्रजीत माहिती लिहून घ्यावी: कोणते आजार, कधीपासून, कोणती शस्त्रक्रिया कोणत्या साली, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, कशाची अ‍ॅलर्जी आहे, रक्तगट. हृदयात स्टेंट असेल तर त्याचं कार्ड आणि शेवटचा ईसीजी सोबत ठेवावा. जुना ईसीजी समोर असला की नव्यात बदल आहे का, हे परक्या डॉक्टरला पटकन कळतं. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह आणि हातातल्या बॅगेत ठेवावीत. सामानाची बॅग हरवली तरी गोळी चुकत नाही. पानाचा फोटो मुलाच्या मोबाइलमध्येही असावा.

प्रवास विमा घेताना मधुमेह, रक्तदाब लपवू नये. पॉलिसीचे पैसे वाचतात, पण दावा फेटाळला जाण्याची वाट तिथूनच उघडते. आधीपासूनच्या आजाराबद्दल पॉलिसीत काय लिहिलं आहे, तो जीवघेण्या अवस्थेतच धरला जाणार का, सुरुवातीचा किती खर्च स्वतः सोसायचा, या तीन ओळी एजंटकडून वाचून घ्याव्यात. दवाखान्यात पोहोचल्यावर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो. बरेच दावे उशिरा कळवल्यामुळे अडतात.

दहावी न झालेला तरुण मजुरीसाठी आखातात निघाला असेल तर त्याच्यासाठी प्रवासी भारतीय विमा योजना आहे. दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये, वर कर, एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचं संरक्षण मिळतं. त्यात वैद्यकीय खर्चाचीही तरतूद आहे. पर्यटक व्हिसावर नेऊन ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या दलालामुळे हे संरक्षण हातचं जातं. कामगार अडकलाच तर भारतीय दूतावासांकडे २००९पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. त्यातून गरजू भारतीयाच्या तातडीच्या उपचारांना आणि प्रसंगी पार्थिव मायदेशी आणण्याला मदत होते.

परक्या मुलखात आजारी माणसाला ओळखीचं घर किती लागतं, हे आनंदीबाई जोशींच्या आयुष्यात दिसतं. १८८३मध्ये त्या अमेरिकेला गेल्या, तेव्हा न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर यांनी त्यांना घरी ठेवून घेतलं. तिथल्या थंडीत तब्येत ढासळत असतानाही आनंदीबाईंनी शिक्षण पुरं केलं आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातल्या स्त्री-विभागासाठी त्यांची नेमणूक केली होती. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं आणि कोल्हापूरला त्या कामावर येऊ शकल्या नाहीत. आज दोहा, दुबई, सिंगापूर इथली महाराष्ट्र मंडळं ओळखीच्या घराची गरज काही अंशी भागवतात. चांगला डॉक्टर कोणता, रात्री सोबत कोण येईल, घरचा भात कोण पोचवेल, या प्रश्नांची उत्तरं सरकारी संकेतस्थळावर मिळत नाहीत, मंडळातल्या माणसाकडे मिळतात. मुलाने आई-वडील येण्याआधीच अशा दोन घरांशी बोलून ठेवावं.

आपत्कालीन क्रमांक फ्रिजवर मोठ्या अक्षरांत लावावा: कतारमध्ये ९९९, अमिरातींत रुग्णवाहिकेसाठी ९९८, सिंगापुरात ९९५. त्याखाली घराचा पत्ता इंग्रजीत आणि त्याचा उच्चार देवनागरीत लिहावा. मुलगा-सून कामावर असताना फोन आईलाच करावा लागतो, आणि आपल्याकडे रुग्णवाहिकेच्या १०८ला गावाचं नाव सांगून भागतं तसं तिथे इमारत क्रमांकाशिवाय भागत नाही.

परत येताना डिस्चार्जचा कागद, बिलं, पावत्या आणि तपासण्यांचे अहवाल सही-शिक्क्यासह मागून घ्यावेत. विम्याच्या दाव्याला ते लागतातच, शिवाय तिथे बदललेली औषधं इथल्या डॉक्टरला दाखवायला हवीत. घरी जुन्या गोळ्यांचा साठा तसाच असतो. तो नव्या औषधांच्या जोडीने सुरू झाला तर एकच औषध दोन नावांनी पोटात जातं. म्हणून मुरगुडात उतरल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांतच दोन्ही पिशव्या, जुनी आणि नवी, नेहमीच्या डॉक्टरांच्या टेबलावर ओतून कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची, हे ठरवून घ्यावं.