चोपन्न सेकंद आणि पायजम्याचं इलॅस्टिक

टिटवाळ्यापर्यंत लोकल भरपूर. पुढे खडवलीला यायचं तर आसनगाव किंवा कसारा गाडीच लागते आणि ती चुकली की फलाटावर बसून राहायचं. त्यामुळे कल्याणला बारावी सायन्स करणाऱ्या इथल्या पोरांचं वेळापत्रक आधी रेल्वे ठरवते, मग कॉलेज, मग क्लास. उरलेल्या वेळात अभ्यास करायचा, तोही दमलेल्या अंगाने. माझी भाची अकरावीपासून आमच्याकडे राहून हेच करत होती.

मी पूर्वी फिजिक्सच्या शिकवण्या घ्यायचो, म्हणून ताईने लेकीची अभियांत्रिकी प्रवेशाची सीईटी माझ्यावर सोपवली. "करून घे तिच्याकडून, पण टेन्शन देऊ नको हं." दोन्ही एका दमात. टेन्शन द्यायचं नाही म्हणजे नेमकं करायचं काय, हे कुणीच सांगत नाही. "रिलॅक्स राहा" असं सांगून आजवर कुठलं पोर रिलॅक्स झालंय? मला इतकंच कळत होतं की सीईटी नावाच्या ओझ्यात तीन-चार वेगवेगळी कामं एकत्र बांधलेली असतात. त्यातलं पोराचं काम एकच. बाकीची घरातल्या मोठ्यांनी उचलायची, तीही बोलून न दाखवता.

पोराचं काम कागदावर मांडलं की आटोपशीर दिसतं. पीसीएम ग्रुपची एमएचटी-सीईटी २०० गुणांची. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न, एकेका गुणाचे. नंतरच्या ९० मिनिटांत गणिताचे ५०, दोन-दोन गुणांचे. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीचे, बाकी अकरावीचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणजे पहिल्या भागात एका प्रश्नाला ५४ सेकंद, गणितात १०८. भाचीने हा भागाकार स्वतः केला आणि म्हणाली, "मामा, मग मी एका गणितावर पाच मिनिटं बसते ते कशाला?" त्यावर मी काही बोललो नाही. अडलेलं गणित सोडून पुढे जायचा निर्णय तिचा तिनेच घ्यायला हवा होता.

रविवारी सराव परीक्षा. कधी सकाळी ९ ते १२, कधी मुद्दाम २ ते ५, कारण दुपारच्या पाळीत नंबर लागला तर एप्रिलच्या उकाड्यात डोकं चालायला हवं. पण परीक्षेपेक्षा नंतरचा तास महत्त्वाचा. चुकलेल्या प्रश्नांचे तीन ढीग करायचे: येतच नव्हतं, येत होतं पण घाई केली, आणि चुकीचंच पक्कं बसलं होतं. पहिल्या ढिगाला धडा वाचणं पुरतं. दुसऱ्याला झोप लागते, आणि हे मी गंमत म्हणून सांगत नाही. रात्री साडेबारापर्यंत जागलेल्या आठवड्यात तिचा दुसरा ढीग हमखास फुगायचा. तिसरा ढीग मात्र वह्या भरून हलत नाही.

एकदा दोलनावरचा प्रश्न चुकला. स्प्रिंग मधोमध कापली, एका अर्ध्या तुकड्याला तेच वजन टांगलं, तर दोलनकाळ किती? तिचं उत्तर, वाढेल. स्प्रिंग अर्धी म्हणजे तिचा जोरही अर्धा, म्हणजे स्थिरांकही निम्मा, हा तिचा हिशोब. सूत्र पाठ होतं, त्यात तिने आकडा मात्र उलटा घातला. मी जुन्या पायजम्याचं इलॅस्टिक काढून खिडकीच्या गजाला बांधलं आणि खाली कुलूप अडकवलं. ते किती ताणलं हे तिने पट्टीने मोजलं. मग अर्धी लांबी, तेच कुलूप. लांबीतली वाढ जवळपास निम्मी. तेवढ्याच वजनाला निम्मंच ताणलं, म्हणजे ते जास्त कडक झालं. स्थिरांक दुप्पट, दोलनकाळ मूळच्या भागिले वर्गमूळ दोन. तिने पुन्हा मोजलं, खात्रीसाठी. दहाएक मिनिटं गेली असतील. तिची मामी इलॅस्टिकवरून बोललीच, पण तो प्रश्न भाचीचा परत कधी चुकला नाही.

कमी गुणांवर तिची मोठी चिडचिड व्हायची नाही. ती व्हायची तुलनेवर. क्लासच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर परीक्षेची नावानिशी क्रमवारी यायची आणि ती पालकांनाही दिसायची. दाजी लगेच फोन करून नंबर विचारत. मी त्यांना एवढंच म्हटलं, "दाजी, नंबर विचारू नका, आज कुठले प्रश्न सोडले ते विचारा." पहिले काही आठवडे त्यांना ते विचित्र वाटलं. मग त्यांनाच चटक लागली. सोडलेल्या प्रश्नांवर बोलताना बाप-लेकीत भांडण होत नाही, हा माझा अनुभव.

दुसरा गोंधळ पर्सेंटाइलचा. नातेवाइकांच्या कानाला ८६ पर्सेंटाइल म्हणजे ८६ टक्के. तसं ते नसतं. लाखभर मुलं बसली असतील तर ८६ म्हणजे साधारण १४ हजार जण तुमच्या पुढे. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, म्हणून गुणांऐवजी पर्सेंटाइल काढतात. ते एकदा समजलं की सराव परीक्षेतल्या १२० गुणांवरून कुणी रडत नाही आणि पेढेही वाटत नाही. आम्ही सीईटी सेलच्या मागच्या वर्षीच्या कटऑफच्या याद्या उघडून बसलो. व्हीजेटीआय, सीओईपी वरच्या टोकाला. पण खाली पायऱ्या बऱ्याच. आसनगावलाही अभियांत्रिकी कॉलेज आहे हे पाहून ती हसली. "उलट्या दिशेची लोकल, मामा. बसायला जागा!"

मोठ्यांचं खरं काम कागदपत्रांचं, आणि त्यातच घरं हातघाईवर येतात. अधिवास, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता. वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज बारावीच्या निकालापर्यंत ठेवायचाच नसतो. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण दाखला हातात हवा. दाजींनी कल्याणच्या तहसील कचेरीच्या फेऱ्या दिवाळीपासूनच सुरू केल्या. पोरीला त्यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि तसंच ठरलं होतं.

सीईटी झाली. आता पसंतीक्रम भरायचा आहे. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, म्हणून पहिला नंबर विचार करून टाकावा लागतो. दाजींना कॉम्प्युटर हवंय, तिला मेकॅनिकल. काल रात्री दोघं यादी पुढ्यात घेऊन बसले होते, तिच्या हातात पेन्सिल. मी चहा ठेवला आणि बाहेर गेलो.