राज्यचिन्हांच्या यादीत न मावलेला माळ

महाराष्ट्राच्या राज्यचिन्हांची यादी स्पर्धा परीक्षेला बसणारी मुले पाठ करतात आणि पेपर झाला की विसरून जातात. तीच यादी राज्याचा नकाशा समोर ठेवून वाचली, तर तिच्यातून वेगळेच काही दिसू लागते. राज्यप्राणी शेकरू म्हटले की बोट भीमाशंकरच्या रानावर जाते. राज्यपुष्प ताम्हण हे ओल्या जागेचे झाड. कोकणातल्या ओढ्याकाठी ते महाराष्ट्र दिनाच्या सुमारास जांभळ्या फुलांनी लवलेले असते. २०१५ मध्ये ब्ल्यू मॉरमॉन राज्य फुलपाखरू झाले. राज्याचे स्वतःचे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. या फुलपाखराचे खरे माहेर सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यात आहे. २०२० मध्ये खाडीतल्या पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवन वृक्षाचा मान मिळाला, २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला, आणि आपण थेट समुद्रात पोहोचलो.

आता नकाशाच्या उरलेल्या भागाकडे पाहा. राज्याच्या ३६ जिल्ह्यांपैकी समुद्र लागतो तो ७ जिल्ह्यांना. घाटमाथा ही तर एक अरुंद पट्टी. ती ओलांडून पूर्वेला उतरले की पर्जन्यछायेचा मुलूख सुरू होतो. माण, खटाव, आटपाडी, जत, इंदापूर, करमाळा, कर्जत, पुढे बीड आणि धाराशिव. ज्वारी, बाजरी, बोर, बाभूळ, तरवड, मेंढरे आणि उघडे माळ. मराठी माणसांचा फार मोठा हिस्सा याच भूमीत जन्मला आणि वाढला. केवळ याच भूमीचे म्हणावे असे एकही झाड, एकही पाखरू वा जनावर त्या यादीत नाही.

यादीवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगायला हवे की शेकरू मेळघाटात आणि गडचिरोलीच्या जंगलातही आहे, तेव्हा तो एकट्या पुणे जिल्ह्याचा नाही. राज्यपक्षी हरोळी तर खऱ्या अर्थाने सगळ्यांची. वड, पिंपळ, उंबर फळाला आले की ती येते, मग ते झाड सावंतवाडीला असो की सेलूला. राज्यवृक्ष आंबाही कोकणापुरता नाही. हापूसचा डंका मोठा असला, तरी मराठवाड्यातल्या जुन्या आमराया आणि तिथला केसर आंबा कोणी नाकारू शकत नाही. पण ही दोन्ही नावे झाडाच्या सावलीतली आहेत. सावली नसलेल्या जमिनीला या यादीत जागा मिळालेली नाही.

याचे कारण प्रादेशिक दुजाभावात शोधायचा मोह होतो. मला ते कारण पटत नाही. फुलपाखराचा निर्णय झाला तेव्हा वन खाते सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे होते. मासा आणि राज्यगीत ठरले तेव्हा मत्स्यव्यवसाय आणि सांस्कृतिक कार्य ही खातीही त्यांच्याकडेच होती. मुनगंटीवार चंद्रपूरचे. म्हणजे निवड करणारी नजर काही मुंबई-पुण्याचीच नव्हती. खरे कारण खात्याच्या चौकटीत आहे. फुलपाखरू आणि चिप्पी यांवर शिक्कामोर्तब झाले ते राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत. वन खात्याच्या लेखी निसर्ग म्हणजे जंगल, आणि जंगल म्हणजे झाडी. जिथे झाडी नाही तिथे रोपे लावायची, हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय. गवताळ माळ ही निसर्गाची स्वतःची, हजारो वर्षांची रचना आहे, हे त्या चौकटीत बसतच नाही.

महसूल खात्याने तर हा निकाल फार पूर्वीच देऊन ठेवला आहे. १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांनी दख्खनमधली नवी जमीन पाहणी सुरू केली ती इंदापूर तालुक्यातून. शेताची प्रत लावायची, तीवरून सारा ठरवायचा. ज्या जमिनीतून सारा येत नाही ती हिशेबाबाहेर. पड, पोटखराब, गायरान हे शब्द आजही सातबाऱ्यावर आणि तलाठ्याच्या दप्तरात नांदत आहेत. ज्या मुलखाला सरकारी कागदच खराब म्हणतो, त्यातून मानचिन्ह निवडण्याचा विचार कुणाच्या मनात यावा तरी कसा?

हा विचार एका माणसाच्या मनात नक्की होता. साठच्या दशकाच्या सुरुवातीला भारताचा राष्ट्रीय पक्षी ठरवायचा होता, तेव्हा डॉ. सालिम अली यांनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ मध्ये मोराची निवड झाली. मोराला लोकप्रियतेची गरज नव्हती आणि संरक्षणही बऱ्यापैकी मिळतच होते. माळढोकाला दोन्ही हवे होते. माणसाच्या कमरेच्या वर पोहोचणारा, उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक, जमिनीवर उघड्यावर बहुधा एकच अंडे घालणारा हा पक्षी. पुढे राजस्थानने त्याला राज्यपक्षी केले. महाराष्ट्राने १९७९ मध्ये सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात त्याच्यासाठी अभयारण्य जाहीर केले, नान्नज हे त्याचे प्रसिद्ध ठिकाण.

त्या अभयारण्याची कथा मला या विषयातली सर्वांत बोलकी वाटते. कागदावर त्याचे क्षेत्र सुमारे ८,५०० चौरस किलोमीटर होते. त्यात गावे होती, बाजारपेठा होत्या, पिकाखालची शेते होती. जमिनीच्या व्यवहारांवर आणि बांधकामांवर बंधने आली. ज्या पक्ष्याचा अभिमान वाटायचा, तो लोकांना अडसर वाटू लागला. २०१२ च्या सुमारास क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणले गेले, तोवर मनांत जी अढी बसायची ती बसली होती. दरम्यान माळ नांगरले गेले, पाणी आले तिथे ऊस आला, उरलेल्या जागी वृक्षारोपणाचे चर खणले गेले. आज महाराष्ट्रात माळढोक जवळपास संपल्यात जमा आहे. राजस्थानातही राज्यपक्ष्याच्या पदवीने त्याला तारलेले नाही. विजेच्या तारांना धडकून तो तिथे मरतो आणि हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पदवी कायद्याचे काम करू शकत नाही, हे मला मान्य आहे. पण लोकांना एखादा जीव आपला वाटावा यासाठी जे करायचे असते, ते आपण माळढोकासाठी केलेच नाही. त्याच्यावर फक्त अधिसूचना काढल्या.

सीमेपलीकडे तेलंगणाने काय केले, ते पाहण्यासारखे आहे. जून २०१४ मध्ये राज्य झाले आणि त्याच वर्षी नवी चिन्हे ठरली. अखंड आंध्र प्रदेशाचा कडुनिंब सोडून त्यांनी जम्मी घेतली, म्हणजे आपली शमी. फूल घेतले तंगेडू, म्हणजे आपला तरवड. बतुकम्मा या तिथल्या सणाच्या फुलोऱ्यात त्याला मानाची जागा असते. पक्षी जुनाच ठेवला, पालपिट्टा, म्हणजे नीलकंठ, ज्याचे दर्शन दसऱ्याला शुभ मानतात. तिन्ही चिन्हे एकाच सणाच्या दिवसांतली, तिन्ही उघड्या कोरड्या पठारावरची. ज्या मुलखाला मागास म्हणून हिणवले गेले, त्याने आपल्या काटेरी झाडाला आणि बांधावरच्या पिवळ्या झुडपाला सिंहासनावर बसवले. यात दुसरी बाजूही आहे. दसऱ्याला दर्शन घडवून पैसे मिळवण्यासाठी नीलकंठ पकडले जातात, त्यांचे पंख बांधतात, चिकटवतात. श्रद्धा आणि राजमान्यता दोन्ही असूनही पक्ष्याचे हाल थांबलेले नाहीत.

मराठवाडा १९५६ पर्यंत याच हैदराबाद राज्यात होता. तरवड, शमी आणि नीलकंठ नांदेड-लातूरलाही तितकेच घरचे आहेत. तेलंगणाच्या यादीत मराठवाड्याचा माणूस स्वतःची भूमी ओळखू शकतो, आणि आपल्या राज्याच्या यादीत मात्र त्याला ती शोधावी लागते, ही गोष्ट मला बोचते.

राज्यगीताने हा दोष बराच टाळला आहे. १९ फेब्रुवारी २०२३ पासून राज्यगीत म्हणून स्वीकारलेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ची ताकद त्यातल्या नद्यांच्या नावांत आहे. नर्मदेपासून वर्धेपर्यंत आणि कृष्णा-कोयनेपासून गोदावरीपर्यंत सगळा प्रदेश ते गीत कवेत घेते. राजा बढे नागपूरचे, संगीतकार श्रीनिवास खळे बडोद्यात वाढलेले, गाणारे शाहीर साबळे वाईजवळच्या पसरणीचे. १९६० च्या आसपास राज्य जोडण्याची जी आस होती, ती त्या गीतात उतरली आहे.

पापलेटाची निवडही मला मोलाची वाटते, कारण ती खालून आली. पालघरमधल्या सातपाटीचे मच्छीमार पापलेट घटते आहे म्हणून वर्षानुवर्षे ओरडत होते; अंगठ्याएवढी पिल्ले जाळ्यात येतात, मग मोठा मासा येणार कुठून, हा त्यांचा प्रश्न होता. राज्य मासा करा ही मागणी त्या पोटतिडकीतून आली. गोव्यात माडाचे असेच झाले. २०१६ मध्ये कायद्यात बदल करून माडाला झाडांच्या व्याख्येतून वगळले, तेव्हा गोंयकार खवळला. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने माडाला पुन्हा झाड मानले आणि राज्यवृक्षाचा मानही दिला.

कोरड्या मुलखाची नावे महाराष्ट्राच्या अशा एखाद्या निर्णयात अलीकडे एकदाच आली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले गेले. त्या घोषणेच्या राजकारणावर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातली वंशावळ महत्त्वाची वाटते: मराठवाड्याची देवणी आणि लाल कंधारी, पश्चिम महाराष्ट्राची खिल्लार, उत्तरेची डांगी, विदर्भाची गवळाऊ. हे वंश तिथल्या माणसांनी, तिथल्या उन्हात आणि तिथल्या वैरणीवर पिढ्यान् पिढ्या निवडून घडवले. पण खिल्लार चरते ते माळ जर कागदावर पडीकच राहणार असेल, तर तिच्या नावाला दिलेला मान अर्ध्यातच थांबतो.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. खाडीसाठी वेगळे चिन्ह ठरवणाऱ्या राज्याने माळासाठीही ठरवावे. ते गवत असावे. पवन्या किंवा मारवेल, दोन्ही मेंढपाळाच्या ओळखीची, दोन्ही जनावरांच्या आवडीची. ते ठरवताना वन्यजीव मंडळासोबत धनगर, मेंढपाळ आणि गायरान राखणारी गावे यांना बसवावे, म्हणजे नान्नजची चूक पुन्हा होणार नाही. पुणे वन विभागाने इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला आणि बारामतीजवळ शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे; लांडगा, चिंकारा, खोकड पाहायला लोक तिथे पैसे भरून जातात. ज्या तालुक्यात विंगेटच्या माणसांनी साखळ्या टाकून जमिनीची प्रत लावली, त्याच तालुक्यात हे घडते आहे. राज्य गवताच्या अधिसूचनेबरोबर दुसराही एक शासन निर्णय निघावा: गवताळ माळांची नोंद पडीक म्हणून न करता गवताळ प्रदेश म्हणून करण्याचा, आणि त्यांवर झाडे लावण्याची उद्दिष्टे तालुक्यांना न देण्याचा.