संगणकाच्या 'आझाद' बिरादरीची बैठक आपल्या मोहल्ल्यात भरवू या

व्यापारी बांधवांनो, कापड घेताना आपण थान उलगडून पाहतो. पन्हा मोजतो, बोटांनी पोत चाचपतो, मीटरमागे चार आण्यांसाठी दलालाशी अर्धा तास घालतो. मात्र ज्या संगणकावर आपली सारी उधारी, जी.एस.टी. आणि मालाचा साठा लिहिलेला असतो, त्यातला प्रोग्राम कोठून आला हे आपण कधी विचारत नाही. संगणक दुरुस्त करणारा मुलगा येतो, खिशातून पेनड्राईव्ह काढतो, सगळे 'टाकून' देतो आणि तीनशे रुपये घेऊन जातो. माल कोणाचा, बिल कोठे, याची चौकशी नाही.

माझ्या पेढीवरही बरीच वर्षे असेच चालले. एका रमजानमध्ये, ईदेला दहा दिवस उरले असताना, असाच टाकलेला हिशेबाचा प्रोग्राम बंद पडला. ज्याने टाकला होता तो गाव सोडून गेलेला. प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीकडे जावे तर आपल्याकडे पावती नाही. कोणत्या तोंडाने जाणार? दोन वर्षांची खतावणी आत अडकली. त्या ईदेला मी वसुली केली ती पार्टीच्या जबानीवर. अल्लाहचे उपकार, की बहुतेकांनी खरे सांगितले. ज्यांनी सांगितले नाही त्यांच्याशी मी काय भांडणार? माझाच गज आखूड होता.

चोरीची कॉपी : शरियत आणि कायदा

'सगळेच वापरतात' हे उत्तर आपल्याकडे तयार असते. पण इस्लामी देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने 1988 साली कुवेत येथील पाचव्या अधिवेशनात या प्रश्नाचा निकाल दिलेला आहे. व्यापारी नाव, ट्रेडमार्क, लेखन आणि शोध यांवरील हक्क हे शरियतच्या दृष्टीने मान्य हक्क आहेत आणि त्यांवर अतिक्रमण करता येत नाही, असा त्या ठरावाचा आशय आहे. दुसऱ्याने मेहनतीने बनविलेला प्रोग्राम विनापरवाना वापरणे या निकालाच्या कक्षेत येते, हे समजण्यास मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. शंका असल्यास आपल्या आलिमांना विचारावे.

देशाचा कायदाही स्पष्ट आहे. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 1994 साली दुरुस्ती होऊन कलम 63-ब आले. जाणूनबुजून चोरीची कॉपी संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड, अशी त्यात तरतूद आहे. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैदेची शिक्षा टाळू शकते. ही सवलत दुकानदाराला आणि कारखानदाराला नाही.

मग मार्ग दोन उरतात. पैसे मोजून परवाना घ्यावा. ज्यांना परवडते त्यांनी जरूर घ्यावा. किंवा ज्याची कॉपी करण्यास बनविणाऱ्यानेच परवानगी दिलेली आहे, असा प्रोग्राम वापरावा. हा दुसरा मार्ग आपल्याकडे फारसा कोणी दाखवीत नाही, कारण तो दाखवून कोणालाही कमिशन मिळत नाही.

मुफ्त आणि आझाद

1983 साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी 'ग्नू' नावाचा प्रकल्प जाहीर केला. प्रोग्राम वापरण्याची, त्याचा मूळ मजकूर पाहण्याची, त्यात बदल करण्याची आणि तो इतरांना देण्याची मोकळीक प्रत्येकाला असावी, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी त्याला 'फ्री सॉफ्टवेअर' म्हटले आणि घोटाळा झाला. इंग्रजीत फ्री म्हणजे फुकटही आणि स्वतंत्रही. ज्यांनी उर्दू शाळेची पाटी पाहिली आहे त्यांचा घोटाळा होण्याचे कारण नाही. आपल्याकडे 'मुफ्त' वेगळे आणि 'आझाद' वेगळे. मराठीतही मोफत आणि मुक्त हे शब्द वेगळे आहेत. हे सॉफ्टवेअर आझाद आहे; बहुधा मुफ्तही मिळते, पण ती दुय्यम बाब आहे. 1991 मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 'लिनक्स' आणले आणि या कामाला वेग आला. 'ओपन सोर्स' हे नाव 1998 साली पुढे आले.

आपल्या कामाचे त्यात बरेच काही आहे. पत्रे आणि हिशेबाच्या तक्त्यांसाठी लिबरऑफिस. नक्षी, लेबल आणि लग्नपत्रिका काढणाऱ्यांसाठी इंकस्केप आणि गिंप. हिशेब, साठा आणि बिलांसाठी ई.आर.पी.नेक्स्ट, हा तर आपल्या मुंबईत तयार झालेला आहे. उर्दू छपाई करणाऱ्यांसाठी 'नोटो नस्तालीक उर्दू' हा टाईप. हे सारे राजरोस उतरवून घ्या, दहा जणांना वाटा; कोणाची चोरी नाही, कोणाची भीती नाही.

मग बैठक कशासाठी?

माल मिळतो, पण तो चालवायला शिकविणार कोण? विकत घेतलेल्या प्रोग्रामबरोबर कंपनीचा माणूस येतो. आझाद प्रोग्रामबरोबर कोणी येत नाही. लूम चालवायला कारागीर पुस्तक वाचून शिकत नाही. तो वडिलांच्या किंवा उस्तादाच्या शेजारी उभा राहून शिकतो. इथेही तसेच आहे. म्हणून या सॉफ्टवेअरचे शौकीन जगभर एकत्र जमतात. कोठे महिन्याची बैठक असते, कोठे वर्षाचा मेळा.

ब्रुसेल्सच्या विद्यापीठात हिवाळ्यात 'फॉसडेम' हा मेळा भरतो. हजारो लोक येतात, तरी तिकीट नाही आणि नावनोंदणीही नाही. एकेका विषयाची एकेक खोली, आणि ती खोली सांभाळणारे त्याच विषयाचे स्वयंसेवक. (आदल्या संध्याकाळी तेथे बिअरची बैठक असते, ती आपण सोडावी, बाकीचे उचलावे.) पुण्यात सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत 'ग्नूनिफाय' नावाचा मेळावा अनेक वर्षे भरत असे.

कोचीचा मेळा आणि ओळखीचा शिक्का

आपल्याला सर्वांत जवळचा दाखला केरळचा आहे. 'डेबियन' हा 1993 साली सुरू झालेला प्रकल्प. त्याचे काम करणारे जगभर विखुरलेले स्वयंसेवक 2000 पासून वर्षातून एकदा भेटतात. सप्टेंबर 2023 मध्ये हा मेळा प्रथमच भारतात, कोचीला भरला. तीसहून अधिक देशांतून चारशेहून अधिक माणसे आली. ज्यांना प्रवासखर्च झेपत नाही अशांना अर्ज केल्यास भाडे, राहणे आणि जेवण यांसाठी मदत दिली जाते. ज्याची ऐपत आहे तो आपला खर्च करतो, कंपन्या देणगी देतात आणि त्यातून इतरांची सोय होते. आपल्या बिरादरीच्या जलशांत हेच होते. नवे काही नाही.

मला त्यात सर्वांत पटली ती एक रीत. डेबियनच्या प्रत्येक कारागिराकडे एक इलेक्ट्रॉनिक शिक्का असतो. तो शिक्का त्याचाच आहे हे दुसऱ्याने कसे मानावे? त्यासाठी मेळ्यात ते समोरासमोर उभे राहतात, पासपोर्ट किंवा ओळखपत्र दाखवितात आणि खात्री पटली की एकमेकांच्या शिक्क्यावर आपली सही करतात. नव्या माणसाला कारागीर म्हणून आत यायचे तर आधीच्या कारागिरांनी त्याला असे ओळखलेले असावे, ही सर्वसाधारण अट आहे. पुढे तयार माल जगभर जातो तेव्हा त्यावर संस्थेचा शिक्का असतो, आणि आपला संगणक तो तपासूनच माल आत घेतो.

बांधवांनो, ही तर आपलीच पद्धत! अनोळखी पार्टीला पहिली गाठ उधार देताना आपण कोणाला विचारतो? ज्याने तिला समक्ष पाहिले आहे अशा दलालाला. त्याने 'माणूस आपला आहे' म्हटले की माल सुटतो. एवढी यंत्रे, एवढ्या तारा. पण शेवटी भरवसा माणसाने माणसाला पाहिल्यावरच बसतो. बैठकीचे खरे कारण हेच आहे.

बैठक कशी भरवावी?

मोठ्या मेळ्याचा विचार सध्या बाजूला ठेवावा. दहा-बारा माणसांची महिन्याची बैठक पुरे. माझ्या अनुभवातून काही सूचना करतो.

पहिली गोष्ट, वार ठरलेला असावा. मालेगावसारख्या ठिकाणी शुक्रवारी लूम बंद असतात. तेथे महिन्याचा पहिला जुमा, असरपासून मगरिबपर्यंत. तीन माणसे आली तरी बैठक व्हावी. ज्या बैठकीचा दिवस बदलत राहतो ती चौथ्या महिन्यात बंद पडते.

दुसरी, जागा. शाळेची संगणक-खोली उत्तम. नसेल तर जमातखान्याचा हॉल किंवा एखाद्याचे गोदाम. आधी वीजजोडण्या मोजाव्यात. दहा संगणक आणि दोन सॉकेट असले की अर्धा वेळ वायरी ओढण्यात जातो. इंटरनेटच्या भरवशावर राहू नये. लागणारे प्रोग्राम आदल्या रात्री चार-पाच पेनड्राईव्हवर उतरवून तपासून ठेवावेत.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची. कोणाच्याही संगणकाला हात लावण्यापूर्वी त्यातील हिशेबाची प्रत दुसरीकडे काढून घ्यावी. ती काढल्याशिवाय काम सुरू करू नये, मालक कितीही घाई करो. दुसऱ्याची खतावणी ही अमानत आहे. दोन वर्षांचा हिशेब गमावलेला माणूस हे सांगत आहे.

चौथी, विषय एकच घ्यावा. एका महिन्यात फक्त बिल बनविणे, दुसऱ्यात फक्त लेबल. अर्धा तास दाखविणे आणि दीड तास प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करणे. शिकविणारा नसेल तर आय.आय.टी. मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचे छोटे धडे लावावेत. ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत.

पाचवी, तेथे कोणी काही विकू नये. संगणक विकणारा आला तर त्याने शिकवावे, चहा प्यावा. कार्ड वाटू नये. एकदा बैठकीचा बाजार झाला की विद्यार्थी येणे सोडतात, आणि शिकविणारे बहुधा तेच असतात.

सहावी, खर्च. चहा, बिस्किटे आणि वीज एवढाच खर्च असतो. वर्गणीची पेटी ठेवावी आणि जमा-खर्च भिंतीवर लावावा. रक्कम दोनशे रुपये असली तरी लावावा.

सातवी, आपल्या मुली. घरी बसून डी.टी.पी. आणि हिशेबाची कामे करणाऱ्या मुली आज प्रत्येक मोहल्ल्यात आहेत. त्यांच्यासाठी वेगळी वेळ किंवा वेगळ्या बसण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी. 'पुढे पाहू' म्हटले की ते राहूनच जाते.

अडचणी लपवू नयेत

या सॉफ्टवेअरने सर्व काही होते असे सांगणारा तुम्हाला फसवीत आहे. आपला सी.ए. विशिष्ट प्रोग्रामचीच फाईल मागत असेल तर त्याच्याशी आधी बोलावे. डिजिटल सहीची चावी नव्या संगणकावर चालते का, छपाईयंत्र चालते का, हे तपासल्याशिवाय जुने काढू नये. जॅकार्डच्या डिझाईनसाठी यंत्राबरोबर आलेला खास प्रोग्राम असेल तर तो तसाच ठेवावा, फक्त त्याचा परवाना खरा असावा. एकदम सगळे बदलू नये. दुकानातील एक संगणक, एक काम, तीन महिने, मग पुढचे.

माझी स्वतःची सुरुवातही अशीच झाली. भाचा मला मुंबईतील एका बैठकीला घेऊन गेला. तेथे माझ्या मुलापेक्षा लहान असलेला एक विद्यार्थी माझ्या शेजारी तीन तास बसला. कागदी वह्यांवरून ग्राहकांची यादी कशी चढवायची, रोज रात्री तिची प्रत कशी काढायची, हे त्याने माझ्याच हाताने करून घेतले. निघताना मी पाकीट काढले. तो म्हणाला, "चाचा, पैसे नकोत. पुढच्या महिन्यात या आणि नवीन येणाऱ्या एकाला हे शिकवा." व्यवहारात आयुष्य गेलेल्या माणसाला एवढे स्वस्त आणि एवढे महाग देणे कधी कोणी लावले नव्हते.

ते देणे मी फेडीत आहे. आता आमच्या गोदामात महिन्याच्या पहिल्या जुम्याला आठ-दहा माणसे बसतात. कधी सहा येतात, कधी चौदा. त्यांतल्या चार दुकानांतून चोरीच्या कॉप्या गेल्या आहेत. आकडा लहान आहे, पण त्या चार दुकानदारांना आता संगणक दुरुस्तीवाला गाव सोडून जाण्याची भीती नाही, आणि ईदेच्या वसुलीला ते स्वतःच्या खतावणीवरून जातात.

प्रत्येक मोहल्ल्यात एक खोली आहे, संगणक जाणणारी चार मुले आहेत आणि चहा पाजणारा एक तरी व्यापारी आहे. तेवढ्यावर बैठक उभी राहते. येत्या पहिल्या जुम्याची वेळ ठरवा आणि मशिदीतून निघताना पाच जणांच्या कानावर घाला.