ईसीजीची पट्टी कोरी का पडते, आणि ती कशी जपावी?

समजा, डहाणू किंवा तलासरीला तुमचा ईसीजी काढला. डॉक्टरांनी पुढे वापी, वलसाड, सिल्वासा किंवा मुंबईला हृदयरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. भातकापणी झाली, कामे उरकली आणि काही महिन्यांनी तुम्ही तिथे पोहोचलात. फाईल उघडली तर पट्टीवर गुलाबी चौकटी तेवढ्या शिल्लक, मधली काळी रेघ जवळजवळ पुसलेली.

असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. यात रुग्णाचा निष्काळजीपणा नसतो. उलट ज्यांनी पट्टी सर्वांत जपून, प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवली, त्यांचीच बऱ्याचदा कोरी झालेली असते.

जुनी पट्टी एवढी महत्त्वाची का?

हृदयाचे काही बिघाड येतात आणि जातात. अचानक धडधड सुरू होते, अर्ध्या तासाने थांबते. त्या अर्ध्या तासात ईसीजी काढला गेला असेल, तर ती पट्टी हा त्या बिघाडाचा एकमेव पुरावा असू शकतो. एट्रियल फिब्रिलेशन नावाच्या बिघाडात हृदयाचे ठोके अनियमित होतात, हृदयात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूकडे जाऊ शकते आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. रक्त पातळ ठेवणारे औषध सुरू करायचे का, हे ठरवताना डॉक्टरांना तो बिघाड पट्टीवर दिसावा लागतो. नंतर काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येऊ शकतो. चोवीस तास नोंद ठेवणारे होल्टर लावले तरी त्या दिवशी धडधड झाली नाही, तर त्यातही काही सापडत नाही.

दुसरा प्रसंग छातीत दुखण्याचा. काहींच्या ईसीजीत जुन्या झटक्याची खूण किंवा जन्मभराचा वेगळेपणा असतो. आजचा बदल नवा आहे की जुनाच, हे शेजारी जुनी पट्टी ठेवली की लवकर कळते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनाने रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे तो निर्णय घेताना अशी तुलना मोलाची ठरते. मात्र छातीत दुखत असताना जुना कागद शोधायला घरी परतू नका. आधी १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा. पट्टी मागाहून कुणीतरी आणू शकते.

या कागदावर शाई नसते

ईसीजीचा कागद थर्मल असतो. दुकानातल्या किंवा एटीएमच्या पावतीचा असतो तसाच, फक्त त्यावर चौकटी आधीच छापलेल्या असतात. त्याच्या एका बाजूला रंगहीन रंगद्रव्य आणि ते काळे करणारा आम्लधर्मी पदार्थ यांचा पातळ थर असतो. मशीनचे तापलेले डोके जिथे टेकते, तिथे हे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि काळा ठिपका उमटतो. नखाने जोरात ओरखडा ओढून पाहा, घर्षणाच्या उष्णतेनेही काळी रेघ उठते. (हा प्रयोग पावतीवर करा, पट्टीवर नको.)

जे उष्णतेने जुळले, ते तेल, मद्यार्क किंवा प्लॅस्टिक मऊ ठेवण्यासाठी घातलेल्या रसायनांनी पुन्हा विलग होते. म्हणून मऊ, चकचकीत प्लॅस्टिकच्या पाकिटात रेघ फिकी पडत जाते. सेलोटेप लावलेल्या जागी तेच होते. तेलकट हात, मलम, हायलायटर, सॅनिटायझर हेही तिचे शत्रू. ऊन आणि पावसाळ्यातला दमटपणा हळूहळू काम करतात.

उलट जास्त उष्णतेने सगळा कागदच काळा पडतो. साधारण ६० ते ८० अंश सेल्सिअसला ही सुरुवात होते. म्हणून पट्टी कधीही लॅमिनेट करू नका. लॅमिनेशनच्या मशीनमधून ती पूर्ण काळी होऊन बाहेर येते, आणि मग काहीच करता येत नाही. चुरगळलेली पट्टी इस्त्रीने सरळ करू नका. उन्हात उभ्या गाडीच्या काचेपाशी किंवा तापणाऱ्या पत्र्याखाली माळ्यावर ती ठेवू नका.

सोनोग्राफीचे चकचकीत फोटो आणि प्रसूतीआधी बाळाच्या ठोक्यांचा काढलेला आलेख हेही बहुधा थर्मल कागदावरच असतात.

मग काय करावे?

त्याच दिवशी फोटो काढा. दवाखान्यातून निघण्याआधीच काढलेला बरा. पट्टी सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात, वरून सरळ, सावली किंवा फ्लॅशची चमक न येऊ देता. नाव, तारीख, वेळ आणि कडेचे छोटे आकडे फोटोत आले पाहिजेत. त्यात कागदाचा वेग असतो, सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर. या वेगाला एक छोटी चौकट म्हणजे ०.०४ सेकंद, आणि त्या चौकटी मोजूनच डॉक्टर ठोक्यांचा हिशेब करतात. म्हणून फोटो रंगीत हवा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये गुलाबी चौकटी कधी कधी उमटतच नाहीत. तरी झेरॉक्स काढाच, ती वर्षानुवर्षे टिकते. फोटो घरातल्या आणखी एकाच्या फोनवर पाठवून ठेवा. घरचा माणूस मासेमारीच्या बोटीवर सौराष्ट्रात सहा-आठ महिने असेल, तर एक प्रत त्याच्याकडेही हवी.

पट्टीवरची तारीख तपासा. मशीनचे घड्याळ बंद पडले असेल तर भलतेच साल छापून येते, आणि पुढचा डॉक्टर बुचकळ्यात पडतो. चूक असेल तर बॉलपेनने मागच्या बाजूला खरी तारीख लिहा. सोबत दोन शब्द: 'छातीत दुखत होते' किंवा 'धडधड चालू असताना काढली'. पट्टीत काय दिसले ते केस पेपरवर लिहून द्यायला डॉक्टरांना सांगायला अजिबात संकोचू नका. मूळ पट्टी साध्या कागदी लिफाफ्यात, कपाटात ठेवा.

पट्टी कोरीच निघाली तर?

ईसीजी काढताना कधी कागद सरकत राहतो, पण रेघच उमटत नाही. नातेवाईक घाबरतात. बहुतेक वेळा रोल उलटा लागलेला असतो. रसायनाचा थर एकाच बाजूला असतो आणि ती बाजू तापलेल्या डोक्याकडे हवी. रोल फिरवून लावला की पट्टी नीट येते. सगळ्या पट्टीभर लांबीच्या दिशेने बारीक पांढरी रेघ असेल, तर डोक्यावर धूळ असते किंवा त्यातला एखादा बिंदू निकामी झालेला असतो.

पट्टी बाहेर येत असताना मदत म्हणून ती ओढू नका. कागद ओढला तर लाटा लांबतात आणि ठोके खऱ्यापेक्षा मंद दिसतात. कागद अडखळला तर लाटा दाटतात आणि ठोके जलद वाटतात. शंका असेल तर दुसरी पट्टी काढून घेणे हाच सोपा उपाय. त्यासाठी थांबावे लागले तरी थांबा.

हा कागद हाताळणे धोक्याचे आहे का?

अनेक थर्मल कागदांत बीपीए किंवा बीपीएस ही रसायने असतात. ती शरीरातल्या संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करू शकतात. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून थर्मल कागदातल्या बीपीएवर वजनाच्या ०.०२ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. तुम्ही पट्टी पाच मिनिटे हातात धरली म्हणून काळजीचे कारण नाही. दिवसभर पावत्या देणाऱ्यांनी मात्र जेवणाआधी साबणाने हात धुवावेत आणि ओल्या सॅनिटायझरच्या किंवा क्रीमच्या हाताने हा कागद धरू नये, कारण त्याने रसायन त्वचेतून जास्त शिरते. लहान मुलांना पट्टी चघळू देऊ नका.

आधीच फिकी पडलेली पट्टी

टाकू नका आणि गरमही करू नका. चांगल्या उजेडात फोटो घेऊन फोनमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून पाहा, पुष्कळदा रेघ वाचण्याइतकी दिसते. काही मशीनमध्ये ईसीजी काही काळ साठवलेला असतो, म्हणून जिथे काढला तिथे तारीख आणि केस पेपरचा नंबर घेऊन विचारा. काही दिवस दवाखान्यात दाखल होता, तर डिस्चार्ज कार्डवर ईसीजीचा निष्कर्ष लिहिलेला असू शकतो. फिकी पट्टी आणि ते कार्ड, दोन्ही सोबत न्या.