लॅपटॉपचे कुलूप उघडेना तेव्हा

गेल्या मार्च महिन्यात आमच्या जळकोटच्या कापड दुकानात एक प्रसंग घडला. तो व्यापारी बांधवांच्या कामी येईल म्हणून येथे सविस्तर देत आहोत.

ईदचा हंगाम ऐन भरात होता. सुरतेच्या गाठी उतरल्या होत्या आणि जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची २० तारीख चार दिवसांवर आली होती. सकाळी लॅपटॉप सुरू केला, तर विंडोजची खूण दिसण्याआधीच काळ्या पडद्यावर एक चौकट आली आणि पासवर्ड मागू लागली. असा पासवर्ड आम्ही कधी टाकला नव्हता. पुतण्याला पुण्याला फोन केला तेव्हा उलगडा झाला. दुकानात नवा नोकर ठेवल्यावर, कोणी हिशेब उघडून पाहू नये म्हणून त्यानेच तो घातला होता. आम्हाला सांगायचे राहिले. तो म्हणाला, "चाचा, तीन आठवडे तर बरोबर चालू होता ना?"

चालू होता, कारण आम्ही लॅपटॉप कधी पूर्ण बंदच करत नव्हतो. रात्री झाकण लावायचे, सकाळी उघडायचे. झाकण लावल्याने यंत्र झोपते, बंद होत नाही, आणि झोपेतून उठताना हे कुलूप बहुधा आड येत नाही. आदल्या रात्री वीज गेली, बॅटरी पार उतरली, यंत्र खरोखर बंद पडले आणि पहिल्यांदाच कुलूप समोर आले. पुतण्याने आठवून आठवून तीन पासवर्ड सांगितले. तिन्ही चुकले आणि यंत्राने पुढची संधी नाकारली.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले आणि हिशेब आम्ही वडिलांच्या हाताखाली वहीवर शिकलो. संगणकाची भाषा आम्हाला उशिरा आली. तरी या चार दिवसांत जे कळले त्याचे सार असे, की मदतीला कोणाला बोलावण्याआधी कुलूप नेमके कोणत्या दाराला लागले आहे हे स्वतः पाहावे. लॅपटॉपला एक नव्हे, तीन-चार दारे असतात आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी असते.

पहिले दार यंत्राचे स्वतःचे. लॅपटॉपच्या मुख्य पाटीवर, म्हणजे मदरबोर्डवर, एका चिपमध्ये छोटी आज्ञावली असते. तिला बायोस म्हणत आले आहेत. आजच्या यंत्रांत तिच्या जागी युईएफआय आली आहे, पण कारागिरांच्या तोंडी जुनेच नाव आहे. बटण दाबताच प्रथम ती जागी होते आणि मग विंडोजला हाक मारते. पडदा काळा किंवा एकरंगी असेल आणि आपले नाव, चित्र काही दिसत नसताना पासवर्ड मागितला जात असेल, तर कुलूप येथे आहे. आपले नाव आणि चित्र दिसल्यावर मागणी झाली तर ते विंडोजचे कुलूप, आणि ते त्या मानाने सोपे. निळ्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जात असेल तर प्रकरण बिटलॉकरचे आहे. त्याविषयी पुढे सांगतो.

कुलूप कोणतेही असो, आधी कळफलक तपासावा. कॅप्स लॉक चालू राहिले तर अक्षरे मोठी उमटतात आणि ठिपक्यांमुळे ते दिसत नाही. काही लहान लॅपटॉपवर नम लॉक चालू झाले की जे, के, एल या कळा १, २, ३ देतात आणि यू, आय, ओ या ४, ५, ६ देतात. आपण नाव टाइप करतो आणि आत आकडे जातात. शिवाय आपल्या धंद्यात कापडाचे तंतू उडतात. ते कळेखाली साचून एखादी कळ दाबली तरी लागत नाही. यूएसबीचा दुसरा कळफलक जोडून पाहिला तर पुष्कळ वेळा प्रश्न तेथेच मिटतो. आमचा मिटला नाही.

मग शेजारच्या गावातून एक कारागीर आला. त्याने छातीठोक सांगितले, "आतला सेल काढला की पासवर्ड उडतो." त्याने लॅपटॉप उघडला, बटणाएवढा सेल काढला, अर्ध्या तासाने बसवला आणि मजुरी घेतली. कुलूप जसेच्या तसे राहिले. फक्त घड्याळ अनेक वर्षे मागे गेले.

त्याचे ज्ञान खोटे नव्हते, जुने होते. १९८४ साली आयबीएमने काढलेल्या पीसी एटी या संगणकापासून यंत्राच्या मांडणीची नोंद सीमॉस नावाच्या स्मृतीत ठेवली जाऊ लागली. ही स्मृती छोट्या बॅटरीवर जगते, बॅटरी काढली की नोंद पुसते. पुढे पासवर्डही तेथेच ठेवला जात असे, त्यामुळे टेबलावरच्या जुन्या संगणकांत सेल काढण्याची युक्ती चाले. पण लॅपटॉप चोरीला जाण्याची वस्तू आहे. चोराने सेल काढून कुलूप उघडले तर कुलपाचा उपयोग काय? म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्यांनी पासवर्ड अशा चिपमध्ये नेला, जी विजेविना वर्षानुवर्षे स्मरण ठेवते. आजच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये सेल काढून फक्त घड्याळ बिघडते.

कारागिराने दुसरा उपाय सुचवला, तो ऐकून मात्र आमच्या पोटात गोळा आला. म्हणाला, डिस्क काढतो, साफ करतो, नवीन विंडोज टाकतो. म्हणजे दार उघडेना म्हणून आतला माल जाळून टाकायचा! वर यंत्राचे कुलूप डिस्कमध्ये नसतेच, तेव्हा डिस्क साफ करूनही ते सुटले नसते. आम्ही लॅपटॉप परत घेतला.

त्यात काय होते ते सांगायला हवे. विवरणपत्र जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणत्याही संगणकावरून भरता येते. तेथील पासवर्ड विसरला तरी नोंदलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. खरेदीचे आकडेही, पुरवठादारांनी आपली बिले दाखवली असतील, तर दरमहा १४ तारखेला जीएसटीआर २बी मध्ये आपोआप तयार होतात. पण गल्ल्यावरची किरकोळ विक्री आपल्या हिशेबाखेरीज कोठेही नसते. आणि उधारी? कोणाकडे किती येणे, कोणी किती जमा केले, हे तर सरकारलाही ठाऊक नसते. ग्रामीण कापड व्यापाऱ्याचे निम्मे भांडवल सुगीच्या भरवशावर उधारीत फिरत असते. ते सारे टॅलीत होते आणि टॅली त्या लॅपटॉपमध्ये.

येथे थोडे विषयांतर करतो. टॅलीचा जन्मच व्यापाऱ्याच्या गरजेतून झाला आहे. बेंगळुरूचे श्याम सुंदर गोयंका कारखान्यांना आणि कापड गिरण्यांना माल व यंत्रांचे सुटे भाग पुरवत. हिशेबाला पसंत पडेल अशी आज्ञावली मिळेना, तेव्हा त्यांनी पुत्र भरत यांना ती तयार करायला सांगितले. १९८६ साली त्यातून कंपनी उभी राहिली. असो.

आम्हाला वाट दाखवली ती उदगीरच्या आमच्या कर सल्लागारांच्या कार्यालयातील एका तरुणाने. तो म्हणाला, कुलूप यंत्राला आहे, डिस्कला आहे की नाही ते आधी पाहू. त्याने चार स्क्रू काढून डिस्क बाहेर घेतली, काही शे रुपयांत मिळणाऱ्या केसिंगमध्ये घातली आणि यूएसबीच्या वायरने आपल्या संगणकाला जोडली. डिस्क उघडली. टॅलीच्या डेटा नावाच्या कप्प्यात आमच्या दुकानाचा पाच आकडी कप्पा होता. तो जसाच्या तसा उतरवून घेतला आणि त्यांच्या टॅलीत उघडला. २० तारखेच्या संध्याकाळी विवरणपत्र गेले. उशीर झाला असता तर रोजचे ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज लागले असते. उधारीची यादी मिळाली याचा आनंद मात्र त्याहून मोठा होता.

आम्ही वाचलो त्यात आमची हुशारी नव्हती. विंडोजच्या अनेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच डिस्क आपोआप सांकेतिक लिपीत जाते. मालकाने काही केलेले नसते, त्याला कळतही नाही. अशी डिस्क दुसरीकडे जोडली, मदरबोर्ड बदलला किंवा कधी बायोसच्या मांडणीत हात घातला, की ती ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते आणि मोबाइलवरून खाते उघडून पाहता येते. खाते कोणाच्या ईमेलवर उघडले हेच ठाऊक नसेल, किंवा दुकानदाराने विक्रीच्या वेळी स्वतःच्या ईमेलने उघडून दिले असेल, तर किल्ली असून नसल्यासारखी. आमच्या लॅपटॉपवर असे खातेच नव्हते. डिस्कचा स्वतःचा पासवर्डही काही यंत्रांत ठेवता येतो. तो डिस्कबरोबर जातो, यंत्र बदलून सुटत नाही. काही स्वस्त लॅपटॉपमध्ये साठवणच पाटीवर डाख देऊन जोडलेली असते, तेथे चार स्क्रूंचा मार्ग नाही. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड लावला असेल आणि तो विसरला, तर खुद्द टॅलीवालेही तो डेटा उघडून देऊ शकत नाहीत.

विंडोजचे कुलूप असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड मोबाइलवरून नवा करता येतो. खाते केवळ त्या यंत्रापुरते असेल, तर २०१८ नंतरच्या विंडोज १० आणि ११ मध्ये ते उघडताना तीन प्रश्न विचारून घेतात. त्यांची उत्तरे दिली की दार उघडते. यंत्र नव्याने मांडण्याचा पर्याय पडद्यावर दिसतो, पण त्याने आतला माल जातो. डिस्कची नक्कल घेतल्याखेरीज त्याला हात लावू नये.

आता यंत्राच्या कुलपाकडे परत येऊ. ते उघडण्याचा सरळ मार्ग कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राचा आहे. काही लॅपटॉप तीन चुकांनंतर पडद्यावर एक सांकेतिक क्रमांक दाखवतात. डेलसारख्या कंपन्या यंत्राच्या खाली छापलेला सर्व्हिस टॅग विचारतात, मालकीची खात्री करतात आणि मग उघडण्याची किल्ली देतात. लेनोवोच्या थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड विसरला तर मात्र कंपनीच्या सांगण्याप्रमाणे मदरबोर्डच बदलावा लागतो, आणि खरेदीचा पुरावा तेथेही लागतो. म्हणून नवे यंत्र घेताना हा प्रश्न आधी विचारावा.

पुरावा म्हणजे बिल. आमचे बिल दुकानात सापडेना. चार वर्षांपूर्वीचा कागद, गठ्ठ्यात कोठे गेला कोण जाणे. पण लॅपटॉप दुकानाच्या जीएसटी क्रमांकावर घेतला होता आणि त्यावरील १८ टक्के कराची वजावट घेतली होती. त्यामुळे बिल सल्लागारांच्या फाइलमध्ये नीट लावलेले निघाले. जीएसटी कायद्याने तसेही हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. बिल आणि ओळखपत्र दाखवल्यावर अकरा दिवसांनी लॅपटॉप उघडून हाती आला.

एकाच माणसाला किल्ली ठाऊक असणे किती महागात पडते याचा एक मोठा दाखला आहे. कॅनडातील क्वाड्रिगा सीएक्स या आभासी चलनाच्या पेढीचे प्रमुख जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये आपल्याकडे जयपूर येथे वारले. त्यांच्या लॅपटॉपचा पासवर्ड आपल्याला ठाऊक नाही, असे पत्नीने न्यायालयास सांगितले. हजारो ठेवीदार हवालदिल झाले. २०२० साली तेथील नियामकांनी चौकशीअंती सांगितले, की बहुतेक पैसा कॉटन यांच्या लबाडीतच आधी गेला होता. पण पेढीत खडखडाट आहे हे कळायलाही वेळ लागला, कारण आत पाहणारा दुसरा कोणी नव्हता.

आता आमच्याकडे यंत्राचा पासवर्ड, विंडोजचा पासवर्ड आणि मायक्रोसॉफ्ट खाते उघडले तर त्याचा ईमेल व ती ४८ आकडी किल्ली, हे सारे कागदावर लिहून तिजोरीत बंद पाकिटात असते. दुसरी प्रत घरी, दुकानात नव्हे. पुतण्याला आणि धाकट्या भावाला जागा ठाऊक आहे. टॅलीची नक्कल दररोज रात्री पेन ड्राइव्हवर जाते आणि तो ड्राइव्ह दुकान बंद करणाऱ्याच्या खिशात घरी जातो.

एक गोष्ट राहिली. अनेक बांधव जुने लॅपटॉप विकत घेतात, स्वस्त पडतात म्हणून. घेताना तो चालू अवस्थेत दाखवला तर समाधान मानू नये. विकणाऱ्यासमोर पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायला लावावे, बायोसच्या मांडणीत शिरून पाहावे आणि बिल मागावे. कुलूपबंद यंत्र बिलाविना कोणी विकत असेल तर ते चोरीचे असू शकते. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणि आपण स्वतः जुना लॅपटॉप विकत असाल, तर हिशेब काढून घेऊन, सर्व पासवर्ड आणि खाती काढून टाकूनच तो गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा.