ऑनलाइन खेळात प्रतिस्पर्धी कसा ठरतो?

कॉल ऑफ ड्यूटीसारख्या खेळात सामना मागितला की थोड्याच वेळात अनोळखी खेळाडू समोर उभे राहतात. ते कोण असावेत हे ठरवताना सर्व्हर प्रत्येकाचं कसब आकड्यात मोजत असतो.

या मोजणीचं मूळ बुद्धिबळात आहे. अमेरिकेतले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक अर्पाद इलो यांची गुणांकन पद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघानं १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात दोघांत २०० गुणांचं अंतर असेल, तर वरचढ खेळाडूकडून साधारण ७६ टक्के यशाची अपेक्षा असते. अपेक्षेहून सरस खेळलात की गुण वाढतात; दुबळ्याला हरवून फारसं हाती लागत नाही.

दोघांच्या खेळासाठीची ही पद्धत सांघिक खेळांना अपुरी पडते. म्हणून मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल पद्धत आणली. तिच्यात प्रत्येकाचे दोन आकडे असतात: कसबाचा अंदाज आणि त्या अंदाजातली अनिश्चितता. नवख्याची अनिश्चितता मोठी, म्हणून त्याचा अंदाज झपाट्यानं बदलतो.

तरबेज खेळाडूंची तक्रार अशी, की सारख्या कसबाच्यांशीच गाठ घातल्यानं प्रत्येक सामना अटीतटीचाच होतो, निवांत खेळताच येत नाही. शिवाय तोडीस तोड प्रतिस्पर्धी शोधण्यात वेळ जातो, आणि तो दूरच्या सर्व्हरवर सापडला तर खेळ अडखळतो. तक्रार खरी आहे. तरीही माझा कौल नवख्यांच्या बाजूनं. पहिल्याच दिवशी सराईतांच्या तोंडी दिलेला माणूस खेळ शिकणार कधी? कॉल ऑफ ड्यूटीची कंपनी अ‍ॅक्टिव्हिजननं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या चाचणीत प्रतिस्पर्धी निवडताना कसबाचं वजन कमी केल्यावर ९० टक्के खेळाडूंमध्ये परत येणाऱ्यांचं प्रमाण घटलं. वाढलं ते फक्त सर्वांत तरबेज १० टक्क्यांत.